सांधणारा न्याय

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फौजदारी खटल्याच्या कागदावर सर्वांत वर काय लिहिलेले असते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक'. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा हात मोडला, जिचा मुलगा गेला, त्यांचे नाव त्या शीर्षकात नसते. ते आत कोठेतरी असते; 'साक्षीदार क्रमांक एक' म्हणून. गुन्हा घडला तो माणसाच्या विरुद्ध, खटला मात्र चालतो शासनाचा. दंड झाला तर तो सरकारजमा होतो, शिक्षा झाली तर तिचा हिशेब तुरुंगाच्या नोंदवहीत राहतो. ज्याचे नुकसान झाले, तो न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून पुढची तारीख ऐकतो आणि एस. टी. पकडून घरी जातो. न्यायालयांचे वार्तांकन करताना मी हा माणूस वर्षानुवर्षे पाहिला. आरोपीची मुलाखत घ्यायला आम्ही पत्रकार धावतो, वकिलांची प्रतिक्रिया घेतो. त्या बाकावरच्या माणसाला 'तुम्हाला नेमके काय हवे आहे?' असे फार थोडे लोक विचारतात.

आणि विचारले तर उत्तरे अनपेक्षित येतात. 'त्याला फासावर द्या' असे म्हणणारे असतात, नाही असे नाही. पण पुष्कळांचे मागणे निराळे असते. त्याने असे का केले, हे मला कळायला हवे. आमचेच घर का निवडले? तो परत येणार नाही ना? आईचे मंगळसूत्र मुद्देमाल म्हणून किती वर्षे अडकून राहणार? या प्रश्नांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय आपल्या खटल्याच्या रचनेत नाही. आरोपीला तर त्याचा वकील पहिल्याच दिवशी सांगतो की, तोंड उघडू नकोस. ज्याच्याजवळ उत्तर आहे त्याने गप्प राहावे आणि ज्याला उत्तर हवे आहे त्याने केवळ साक्ष द्यावी, अशी ही व्यवस्था आहे.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग गेल्या पन्नास वर्षांत जगाच्या काही भागांत चोखाळला गेला. त्याला आपल्याकडे 'पुनर्स्थापक न्याय' असा जड शब्द वापरतात. मी त्याला सांधणारा न्याय म्हणेन. गुन्ह्याने काहीतरी मोडते. मोडले ते कोणाचे, आणि ते सांधण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारणारा न्याय.

त्याची आधुनिक सुरुवात म्हणून ज्या घटनेकडे बोट दाखवले जाते, ती कॅनडातील आहे. १९७४ साली ऑन्टारिओ प्रांतातील एल्मायरा नावाच्या लहानशा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर कापले, खिडक्या फोडल्या, कुंपणे मोडली. खटला उभा राहिला, दोघांनी गुन्हा कबूल केला. या प्रकरणात अहवाल देण्याचे काम मार्क यांत्झी नावाच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे होते. त्याने न्यायाधीशांना सुचवले की, या मुलांना ज्यांचे नुकसान केले त्यांच्या दारात उभे करून पाहावे. कायद्यात तशी काही तरतूद नव्हती. तरी न्यायाधीशांनी मान्य केले. दोघे जण एकेका घराची कडी वाजवत फिरले, 'हे आम्ही केले' असे सांगितले, नुकसानीचा आकडा लिहून घेतला आणि काही महिन्यांत ती भरपाई फेडली. त्या दोघांपैकी एक जण पुढे, बऱ्याच वर्षांनी, याच कामात सहभागी झाला.

बावीस दारे! तुरुंगातील कोठडीत बसणे याहून सोपे आहे, असे माझे मत आहे. कोठडीत माणूस स्वतःलाच पीडित समजू लागतो. पोलिसांनी अडकवले, वकिलाने बुडवले, साहेबांनी ऐकले नाही, हा तेथील नेहमीचा संवाद. दारात उभ्या असलेल्या म्हातारीच्या डोळ्यांत बघताना या सबबी सांगता येत नाहीत.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. तेथील मूळ रहिवासी माओरी समाजाची मुले मोठ्या प्रमाणावर सुधारगृहांत जात होती आणि अधिक बिघडून बाहेर येत होती. माओरी मंडळींचे म्हणणे असे होते की, आमच्याकडे मुलाचा अपराध हा साऱ्या कुळाचा प्रश्न असतो, तुम्ही त्याला एकट्याला उचलून नेता आणि कुळाला मोकळे सोडता. १९८९ मध्ये तेथे कायदा झाला आणि बालगुन्हेगारांसाठी 'कुटुंब-बैठक' ही पद्धत रूढ झाली. मुलगा, त्याचे आईवडील, काका-मामा, ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती, तिच्या बाजूची माणसे, पोलीस आणि बैठक चालवणारा समन्वयक, अशी सारी एकत्र बसतात. काय घडले, कोणाला काय सोसावे लागले, आणि आता ते कसे भरून काढायचे, एवढेच तीन विषय. जे ठरते ते लेखी होते आणि पाळले जाते की नाही हे पाहिले जाते. ज्या परंपरेला साम्राज्यकर्त्यांनी मागास ठरवले होते, तिच्यातील शहाणपण त्यांच्याच वारसांनी कायद्यात आणले, याची नोंद आपण अवश्य घ्यावी.

आता कोणी म्हणेल, भावना ठीक आहे, पण याने गुन्हे कमी होतात का? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये २००१ पासून सरकारच्या खर्चाने तीन ठिकाणी हा प्रयोग झाला. त्यात केवळ किरकोळ गुन्हे नव्हते. घरफोडी, लूटमार, मारहाण अशा गुन्ह्यांतील प्रौढ गुन्हेगार होते. शेफील्ड विद्यापीठाच्या जोआना शॅपलंड यांच्या गटाने त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले आणि समोरासमोर बैठकीत बसलेल्या पीडितांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांनी समाधान व्यक्त केले. पुढे २०१३ साली हीदर स्ट्रँग, लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन खंडांतील दहा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १,८७९ गुन्हेगार होते. निष्कर्ष संयमी आहे: पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण माफक पण निश्चित घटते. आणखी एक गोष्ट त्या आढाव्यात दिसली, जी आपल्या सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसेच्या गुन्ह्यांत हा उपाय अधिक लागू पडतो. थोडा विचार केला तर कारण उमगते. दुकानातून वस्तू पळवणाऱ्याला दुकानाचा चेहरा दिसत नाही. ज्याने कोणाला मारले, त्याला समोर बसलेल्या माणसाची भीती, त्याची मोडलेली झोप ऐकावी लागते.

पीडितांच्या बाबतीत तर पुरावा अधिक ठळक आहे. लंडनमधील प्रयोगांत बैठकीला बसलेल्या लुटीच्या आणि घरफोडीच्या बळींमध्ये मनावरील आघाताची लक्षणे इतरांपेक्षा कमी आढळली. झोप लागणे, घरात एकटे राहता येणे, रस्त्यावर मागे वळून न पाहता चालणे, या गोष्टी कोणताही न्यायाधीश निकालपत्रातून देऊ शकत नाही.

पण हे रामबाण औषध नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील प्रयोगात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवर याचा उपयोग दिसला नाही; तेथे समोर बसायला कोणी पीडितच नव्हता. आणि त्याच प्रयोगात मूळनिवासी तरुणांच्या एका छोट्या गटावर उलटाच परिणाम झाला. ज्या समाजाचा पोलिसांवर मुळात विश्वास नाही, त्याला पोलिसांनी बोलावलेली बैठक ही आणखी एक उलटतपासणीच वाटली असल्यास नवल नाही.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या परंपरेत हा विचार आहे का? महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. दोघे तपस्वी, बाहुदा नदीच्या काठी दोघांचे आश्रम. एकदा शंख बाहेर गेला असता लिखिताने त्याच्या झाडाची पिकलेली फळे तोडून खाल्ली. शंख परतला आणि म्हणाला, न विचारता घेतलेस, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि आपला अपराध सांग. लिखित राजा सुद्युम्नाकडे गेला. राजा क्षमा करायला तयार होता. लिखिताने नकार दिला, दंडच मागितला, आणि त्या काळच्या न्यायाप्रमाणे त्याचे हात तोडले गेले. कापलेले हात घेऊन तो राजाकडे परत गेला नाही, भावाकडे आला. शंख म्हणाला, माझा राग नाही, तुझे प्रायश्चित्त झाले, नदीवर जाऊन तर्पण कर. तर्पण करताना त्याला हात परत मिळाले. लिखिताने विचारले, हे सामर्थ्य तुझ्यात होते, तर आधीच मला शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की, दंड देण्याचा अधिकार माझा नव्हता.

ही कथा मी फार वेळा वाचली आहे. दंडाची क्रूरता सोडून द्या, ती त्या काळाची. तिच्या रचनेकडे बघा. दंड राज्याने द्यायचा, तो पीडिताने आपल्या हाती घ्यायचा नाही. पण दंड झाला म्हणून गोष्ट संपत नाही. हात परत येतात ते ज्याचे फळ चोरले त्याच्यापाशी परत गेल्यावर. आजच्या आपल्या व्यवस्थेने पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा पुसून टाकला.

हा केवळ कथेतला विचार नव्हता. चोरीस गेलेला माल राजाने शोधून मालकास द्यावा, आणि न सापडल्यास आपल्या कोशातून भरून द्यावा, असा दंडक स्मृतींत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. दंड आणि प्रायश्चित्त या दोन भिन्न गोष्टी मानल्या गेल्या. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रायश्चित्ताचा केवढा विस्तृत ऊहापोह केला आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. मराठेशाहीत गोतसभा बसत, साक्षीपुरावे होत, महजर लिहिला जाई. आणि दोषी माणसाला प्रायश्चित्तानंतर पुन्हा पंक्तीला घेतले जाई. पंक्तीला घेणे, हा शब्दप्रयोग लक्षात ठेवावा. आपल्याकडे सुटून आलेल्या कैद्याला पंक्तीला कोण घेते? कामाला कोण ठेवते? भाड्याने खोली कोण देते? त्याला सन्मानाने वागवणारे उरतात ते जुन्या टोळीतले सोबतीच. मग तो तिकडे जातो, आणि आपण म्हणतो, बघा, जात्याच गुन्हेगार.

'जात्याच गुन्हेगार' हे शब्द मी मुद्दाम वापरले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर हा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला. गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर पहिली धाड पडण्याची सवय मात्र गेली नाही. यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी जे काम उभे केले, ते या वाचकवर्गाला नव्याने सांगायला नको. समाजाने सांधायचे ठरवले तर काय घडते, याचा तो वस्तुपाठ आहे.

मात्र परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्यातील दोषांवर पांघरूण घालू नये. स्मृतींतील वर्णागणिक बदलणारे दंड आज कोणीही स्वीकारणार नाही. आणि जातपंचायती! बहिष्कार टाकणे, दंड वसूल करणे, बाईला उकळत्या तेलात हात घालायला लावणे, याला परंपरेचा न्याय म्हणणे ही परंपरेची विटंबना आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे, आणि असा कायदा करणारे आपले पहिले राज्य आहे. सांधणाऱ्या न्यायाच्या नावाखाली कोणी पंचायतीचा फड पुन्हा मांडत असेल, तर त्याला पोलीस ठाण्याचाच रस्ता दाखवावा.

दुसराही एक धोका आहे. २०२० साली मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली की, त्याने तक्रारदार महिलेच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली आणि असे आदेश देऊ नयेत असे बजावले. योग्यच केले. राखीसारख्या पवित्र धाग्याचा याहून मोठा अपमान कोणता? त्या महिलेला कोणी विचारले होते का की, हा माणूस तुझ्या दारात आलेला चालेल काय? बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला जागा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

आणि पुण्यातील कल्याणीनगरची घटना कोण विसरेल? १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. साऱ्या देशाने त्यावर संताप व्यक्त केला. अनेकांनी निष्कर्ष काढला की, सुधारणेची भाषा म्हणजे श्रीमंताच्या मुलाला पळवाट. मी उलट म्हणेन. निबंध कोणाला उद्देशून होता? ज्यांची मुले गेली ते आईवडील त्या तीनशे शब्दांत कोठे होते? सांधणाऱ्या न्यायात त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना, मृतांच्या मातापित्यांची तयारी असती तरच, त्यांच्यासमोर बसून ऐकावे लागले असते. शिक्षेचा प्रश्न त्यानंतरही उरलाच असता. यात आणि निबंधात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या दोन अटी घट्ट धराव्या लागतात. गुन्हेगाराने आधी अपराध कबूल केला पाहिजे. आणि पीडिताची संमती खरी हवी. नको म्हटले तर विषय तेथेच थांबला पाहिजे. क्षमा ही यातली अट नाही. अनेक जण बैठकीत बसतात आणि क्षमा न करता उठतात, तरी हलके होऊन जातात. १९ मार्च २००८ रोजी प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन वडिलांच्या हत्येतील दोषी नलिनी हिला भेटल्या होत्या. त्यांच्या राजकारणाशी आपले कितीही मतभेद असोत, एका मुलीचे तेथे जाणे मला समजू शकते. ती भेट कोणत्याही न्यायालयाने घडवली नव्हती, आणि त्यासाठी सतरा वर्षे जावी लागली.

महाराष्ट्राने कैद्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग फार लवकर केला. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची, आणि पाठबळ राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे. जन्मठेपेचे कैदी भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. त्याच भागातल्या ग. दि. माडगूळकरांनी ती कल्पना पटकथेत उतरवली आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली पडद्यावर आला. पुढे चंबळच्या खोऱ्यात १९६० मध्ये विनोबांसमोर आणि १९७२ मध्ये जयप्रकाशजींसमोर डाकूंनी शस्त्रे ठेवली. या साऱ्यांबद्दल मनात आदर ठेवूनही एक खंत सांगतो. या कथांत डाकूचा चेहरा आपल्याला आठवतो, त्याने ज्याचे घर लुटले त्याचा आठवत नाही. हृदयपरिवर्तन आपल्याला मोहवते. बाकावरचा माणूस येथेही बाकावरच राहतो.

कायदा मात्र हळूहळू त्याच्याकडे वळतो आहे. न्या. मळीमठ समितीने २००३ च्या अहवालात पीडिताला खटल्यात स्थान द्यावे अशी शिफारस केली. २००९ अखेरपासून पीडित भरपाई योजनेची तरतूद अमलात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला वा पीडिताला कळवण्याचे बंधन पोलिसांवर आहे. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक छोटीशी, फारशी चर्चिली न गेलेली तरतूद आहे. चोरीची किंमत पाच हजारांहून कमी असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल, आणि चोराने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी.

दीडशे वर्षांच्या इंग्रजी दंडविधानानंतर आपल्या कायद्याने प्रथमच शिक्षेला 'परत करणे' या क्रियापदाशी जोडले आहे. पण परत कसे करायचे? पोलीस हवालदाराच्या हातून, पावती घेऊन? की ज्याची सायकल नेली त्याच्या अंगणात उभे राहून? कायदा याबाबत मौन बाळगतो आणि हीच आपल्यासाठी मोकळी जागा आहे. २०२२ अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतील चार लाख चौतीस हजारांहून अधिक हे खटला चालू असलेले, म्हणजे कच्चे कैदी होते. त्यांतले किती जण अशा एखाद्या सायकलीपायी आत बसलेले असतील, याचा विचार करावा.

२००७ साली महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावी समित्या बसल्या. काही ठिकाणी त्या पुढाऱ्यांच्या हाती गेल्या, काही ठिकाणी बक्षिसापुरत्या चालल्या. पण बांधाचे, वाटणीचे कितीतरी तंटे गावातच मिटले, हेही खरे. तो अनुभव वाया घालवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात आहे, परिवीक्षा अधिकारी आहेत. नाहीत ती बैठक चालवणारी माणसे. ती पक्षाची नकोत, जातीची नकोत, निवाडा देण्याची हौस असलेली तर मुळीच नकोत. ऐकण्याचे शिक्षण घेतलेली निवृत्त शिक्षिका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, एखादा तरुण वकील, अशी माणसे या सभागृहातही बसली आहेत. आधी स्वतंत्रपणे पीडिताच्या घरी जायचे, दोनदा, तीनदा, त्याचे ऐकायचे, नको म्हणाला तर नमस्कार करून परत यायचे. मग मुलाच्या घरी. एका बैठकीमागे अशा आठ-दहा खेपा असतात, आणि त्या करायला पगारी खात्याकडे वेळ नसतो.

आपल्या तालुक्याच्या न्यायालयात या महिन्यात कलम ३०३ खाली पहिल्यांदाच दोषी ठरलेली किती मुले आहेत, हा आकडा विधी सेवा समितीच्या कार्यालयात विचारता येतो. व्याख्यानानंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. तेवढ्याचीच आपण बोलणी करू.